आधी साखर

माझ्या आईनं आयुष्यात तीन माणसांना मारलं. पहिला माझा धाकटा भाऊ मयूर, दुसरा आमचा बाप आणि तिसरी मी. शांत स्वभावाची होती, परिस्थितीनं तशी झाली, असलं काही मी सांगणार नाही. सटाण्याकडची बाई. भाकरी थापायला बसली की परातीचा आवाज चार घरं सोडून ऐकू जायचा. नाव साळूबाई. नाशिक रोडला स्टेशनच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या आणि तिथून ती एकट्या राहणाऱ्या नोकरदारांचे जेवणाचे डबे करून द्यायची.

बाप, चंदर त्याचं नाव, नाशकातल्याच द्वारका चौकातल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे ट्रक चालवायचा आणि ट्रकवर नसला की घरात हात चालवायचा. आमच्या नातेवाइकांत अजूनही त्याला 'तापट होता बिचारा' म्हणतात. तवा तापट असतो. बाप मारकुटा होता, आणि बिचारा तर मुळीच नव्हता.

ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यात मयूर आठ वर्षांचा होता, मी बारा. तो एकाएकी अंथरुणात लघवी करायला लागला. दिवसभर माठापाशी उभा, तांब्यावर तांब्या पाणी. खायचा दोन माणसांचं आणि अंगानं उतरत चाललेला. बाप म्हणाला, पोरगं माजलंय. आईनं आधी समजावलं, मग चिमटे काढले, आणि एका सकाळी ओली गोधडी त्याच्याच अंगावर टाकून वरून लाटण्यानं झोडपलं. डबे करणाऱ्या बाईचं लाटणं ते, चांगलं जाडजूड. मयूर ओरडलासुद्धा नाही, नुसता 'पाणी दे' म्हणत राहिला. त्या दिवसापासून दिवस मावळला की तिनं पाणी बंद केलं, माठ उचलून शेजारणीकडे ठेवला. पोरगं मोरीत जाऊन धुण्याच्या बादलीला तोंड लावायला लागलं. तिथं त्याला बापानं पकडलं, मानगूट धरली आणि डोकं बादलीत दाबलं. "पी. किती पितो ते बघतोच." मी बापाच्या पोटरीला चावले म्हणून त्यानं हात काढला.

चौथ्या दिवशी मयूर ओकायला लागला. श्वास धावून आल्यासारखा चाललेला आणि तोंडाला पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा वास. हाक मारली तर डोळे उघडेनात. आईनं त्याला खांद्यावर टाकलं आणि रिक्षानं सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टर उत्तरा म्हणून एक बाई होत्या, तरुण, चष्मा, बोलणं कमी. दोन दिवस त्यांनी मयूरला सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला तेव्हा त्यांनी आईला बाकावर बसवून सांगितलं, की याच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. त्याच्याशिवाय अन्नातली साखर अंगी लागत नाही, ती रक्तात साठते, मग लघवीवाटे निघते आणि जाताना अंगातलं पाणी ओढून नेते. म्हणून तहान, आणि म्हणून अंथरूण ओलं. कोणाच्या खाण्यापिण्यानं होत नाही, कोणाच्या पापानं होत नाही. रोज सुई, जन्मभर.

मग त्यांनी मयूरचा सदरा वर केला आणि विचारलं, "हे वळ कोणाचे?"

बाप बाहेर विडी ओढत होता. त्याच्यावर ढकलता आलं असतं, आणि कोणाला खोटंही वाटलं नसतं. आई म्हणाली, "माझे."

डॉक्टर काही बोलल्या नाहीत. तेच वाईट झालं. त्या रागावल्या असत्या तर आई भांडली असती आणि मोकळी झाली असती. ती व्हरांड्यात गेली आणि उजवा हात मुठीनं भिंतीवर आपटत राहिली, बोटांची सालटं निघेपर्यंत. आयाबाईनं ओढून बाजूला केलं. तेव्हा ती मला म्हणाली, "ज्योत्स्ना, आजाराला मी माज समजले. या पोरावर परत असा हात टाकला तर माझा हात झडून जाऊ दे." मी बारा वर्षांची, मला काय कळणार. पण पुढच्या पंधरा वर्षांत आमच्या घरात जे झालं ते सगळं या शपथेतून झालं, म्हणून सांगते.

आई शिकली. चौथी पास बाई, पण डबे करता करता तिनं सगळं पाठ केलं. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची, सुई दंडाला, मांडीला, पोटाला आळीपाळीनं. आमच्याकडे फ्रिज नव्हता, म्हणून इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूच्या गाडग्यात, मोरीच्या थंड कोपऱ्यात. रोज सकाळी परीक्षानळीत निळं औषध, त्यात मयूरच्या लघवीचे आठ थेंब, आणि तेही स्टोव्हवर. निळंच राहिलं तर ठीक, हिरवं-पिवळं झालं तर साखर जाते आहे, विटकरी झालं तर फार. डबा घेणाऱ्यांपैकी एकानं ते उकळताना पाहिलं आणि डबा बंद केला. आई म्हणाली, जाऊ दे, त्याला भाजी नाहीतरी कधी आवडली नव्हती.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी शिकवली, तिच्यावर आमचं घर चाललं. सुई दिली आणि पोर वेळेवर जेवलं नाही, किंवा फार पळालं, तर रक्तातली साखर एकदम खाली येते. मेंदू उपाशी पडतो. घाम, थरथर, आणि कधी कधी माणूस चवताळतो, शिव्या देतो, मारतो. "त्या वेळी तो तो नसतो," डॉक्टर म्हणाल्या. "कारण विचारत बसू नका, समजूत घालत बसू नका. आधी साखर. उशीर झाला तर झटका येईल, बेशुद्ध होईल, जीवही जाईल."

तीन आठवड्यांनी ते आम्ही पाहिलं. भर दुपारी माझा हा गरीब भाऊ ताट भिरकावून उठला आणि आईला बाप देतो तीच शिवी त्यानं दिली, त्याच आवाजात. मला वाटलं, झालं, हाही तसलाच निघाला. आईनं त्याला खाली पाडलं. मी पायांवर बसले, ती छातीवर. तोंड उघडेना. दात असे घट्ट, की तिनं चमच्याचा दांडा घालून फट केली आणि साखर कोंबली. त्यानं तिचा अंगठा चावला, रक्त आलं, साखर लाल झाली. दहा मिनिटांनी तो मऊ पडला आणि म्हणाला, "आई, तुझ्या हाताला काय लागलं?" त्याला खरंच आठवत नव्हतं. आई त्याला कुशीत घेऊन हसत होती आणि रडत होती. आता मला तिचं हसू कळतं. लग्नापासून ज्या माणसाचा मार खाल्ला तो मारताना पुरता शुद्धीवर असायचा. आणि हे पोर मारतं तेव्हा ते तिथं नसतंच, असं सांगणारी डॉक्टर तिला भेटली होती.

बापाचं प्रकरण पुढच्या वर्षी मिटलं. त्याला कोणीतरी झाडपाल्यावाला गाठून दिला होता, सुई सोडली तरच मुळी लागू पडते म्हणणारा. एका रविवारी दुपारी तो आला आणि म्हणाला, आजपासून सुई बंद. आई म्हणाली, मेले तरी नाही. त्यानं गाडगं उचललं आणि भिंतीवर फोडलं. वाळू, खापऱ्या आणि त्यात बाटलीची काच. त्याआधी त्यानं आईच्या डोक्यात पितळी तांब्या घातला होता, तिचे केस उपटले होते, मी पोटात असताना लाथ घातली होती, तेव्हा ती एकदाही उलटली नव्हती. त्या दिवशी खलातला लोखंडी बत्ता तिच्या हाताशी होता.

"मन्हा पोऱ्या मरी जाई!" ती ओरडली. रागात ती माहेरच्या भाषेत जायची. पहिला घाव खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, सुकी काटकी मोडावी तसा. दुसरा कोपरावर, तिसरा तो दारातून पळत असताना पाठीत. मग ती बत्ता हातात घेऊन, अनवाणी, मेडिकलच्या दुकानात गेली. दुकानदारानं बाटली लगेच काढून दिली. बाप त्यानंतर आमच्यात राहिला नाही. मी देवाला नारळ फोडला, कोणाला न सांगता.

पुढं आईनं सगळ्या गल्लीला शिकवलं. कोपऱ्यावरचा किराणावाला वाल्मीक, सायकलवाला, शाळेतले मास्तर, सगळ्यांना एकच पाठ: "मयूरनं शिवी दिली, हात उचलला, तर मारू नका. आधी साखर द्या." पदराच्या टोकाला तिनं साखरेची पुडी कायम बांधलेली. वाल्मीकनं गल्ल्याशेजारी एक डबी ठेवली. मग गल्लीतली पोरं दुकानात जाऊन वाल्मीकला मुद्दाम शिव्या द्यायला लागली आणि तळहात पुढं करायला लागली. एकाला त्यानं साखर दिली आणि वर कानफटात दिली. आम्ही हसून हसून मेलो.

मयूर गुणाचा होता, हे सांगितलं नाही तर माझ्या जिभेला किडे पडतील. दहाव्या वर्षापासून स्वतःची सुई स्वतः घ्यायचा. वाढदिवसाला केक समोर ठेवून टाळ्या वाजवायचा आणि स्वतः शेंगदाणे खायचा. मला सायकल त्यानंच शिकवली. पण त्याला साधं रुसायचीही सोय नव्हती. चौदाव्या वर्षी शाळेच्या शिबिराला त्याचं नाव लागलं, आणि आईनं परस्पर जाऊन ते खोडलं. तिथं सुई कोण बघणार? तो घरी येऊन ओरडायला लागला, आणि बरोबरच ओरडत होता. आईनं पुडी सोडली. "मला काही झालं नाही! मला राग आलाय, राग!" तो रस्त्यावर पळाला. वाल्मीक धावला, सायकलवाला धावला, तिघांनी त्याला धुळीत पाडलं आणि आईनं साखर कोंबली. नाकात गेली, ठसका लागला, गुडघे फुटले. शांत झाल्यावर सगळे म्हणाले, बघा, साखरेनं निवळला. तो साखरेनं निवळला नव्हता, थकून निवळला होता. मोरीत तोंड धुताना मला म्हणाला, "ताई, या घरात मला रागावता पण येत नाही."

मला त्याची फार कीव आली. मी आईशी भांडले. पण त्यानंतर त्यानं त्या गैरसोयीचीच सोय करून घेतली.

सोळाव्या वर्षी मॅच चालू असताना मी चॅनेल बदललं म्हणून त्यानं माझ्या तोंडावर बुक्की मारली. ओठ फाटला. आई साखर घेऊन धावली, त्याला कवटाळलं, आणि तिच्या खांद्यावरून तो माझ्याकडे बघत होता. नजर सरळ. साखर उतरलेली असताना मी त्याला शंभरदा पाहिलं होतं. कपाळावर घाम फुटतो, नजर ठरत नाही, बोटं थरथरतात. यातलं काही नव्हतं. तो साखर चघळत होता, पान खाल्ल्यासारखी. मी म्हणाले, तपास आई, आत्ता तपास. तपासलं, विटकरी आलं. म्हणजे साखर जास्त होती. आई म्हणाली, "लघवी मागच्या तासांचं सांगते, आत्ताचं नाही. डॉक्टरच म्हणाल्यात." ते खरंच आहे. माझ्या तोंडातलं रक्त मी गिळलं.

दोन हजार दोन साली डॉक्टर उत्तरांनी एक मीटर मिळवून दिलं. बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर, की आत्ता या घडीची साखर आकड्यात. सत्तरच्या खाली गेली की कमी. मला वाटलं, सुटलो. महिन्याभरात मयूरनं आईच्याच थोबाडीत मारली, कॉलेजच्या कुठल्याशा पिकनिकवरून. ती पदर सोडायला लागली आणि मी तिचं मनगट धरलं. "आधी बोट टोच. मग साखर." तिनं दुसऱ्या हातानं माझ्या कानाखाली अशी दिली की मी भिंतीवर आदळले.

"तू आकडा बघत बसशील आणि तो मरेल!" ती म्हणाली.

आणि गंमत बघा, बरोबर तीच होती. डॉक्टरही हेच सांगतात: शंका आली की आधी साखर, तपासणी नंतर. साखर दिल्यावर पाहिलेला आकडा मात्र आधीचं काही सांगत नाही. मयूरला हे आमच्याइतकंच ठाऊक होतं. त्या दिवशी संध्याकाळी मी त्याला गच्चीवर गाठलं. "खरं सांग. साखर उतरली होती?" तो रुळांकडे बघत म्हणाला, "कधी असते गं ताई, कधी नसते. आता मलाच नीट कळत नाही." मग म्हणाला, "आणि कळून काय करू? माफी दोन्हीची सारखीच मिळते." तेव्हाच त्याला खाली ओढून आईसमोर उभा करायला हवा होता. माझं लग्न ठरत होतं, मला या घरातून सुटायचं होतं. मी केलं नाही.

माझं सासर सटाण्यात. दोन हजार सहाला मयूरचं लग्न झालं. मुलगी स्नेहल, सिन्नरची, शिवणकाम येणारी, डोळ्यांत डोळे घालून बोलणारी. आईनं बघण्याच्या दिवशीच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही: सुई, पथ्य, धोका. "कधी हात उचलतो. पण त्या वेळी तो तो नसतो. आधी साखर द्यायची, बस." स्नेहलनं ते प्रामाणिकपणे पाठ केलं. दिवाळीत तिच्या दंडावर काळंनिळं पाहिलं तेव्हा ती मला समजावत होती, "ताई, साखर उतरली होती त्यांची." संक्रांतीला कानाच्या मागं टाके होते. तेव्हाही साखरच उतरली होती. आई मान डोलवत होती, माझ्याकडे न बघता. तिला नुसतं मयूर निर्दोष हवा होता असं नाही. तो बापासारखा निघाला असेल, तर खांदा मोडून घालवलेला माणूस तिनंच पंधरा वर्षं साखर घालून परत मोठा केला होता. तेवढं बघायची तिची छाती नव्हती.

पुढच्या वर्षी आखाजीला मी माहेरी आले. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. दुपारी आमरस, कुरडया. मयूरनं सुई घेतली, वेळेवर जेवला, रसाची वाटी दोनदा चाटली, मला 'किती खाशील' म्हणून चिडवलं. जेवून तासभर झाला असेल. आई पुढच्या खोलीत पडली होती, मी आणि स्नेहल ओट्यापाशी भांडी आवरत होतो. तो पाणी प्यायला आला. स्नेहल सहज म्हणाली, "ताई आल्या ना माहेरी. मी पण चार दिवस जाऊन येते सिन्नरला."

"नाही म्हटलं होतं ना एकदा?"

"आईंना विचारलंय मी."

त्यानं पेला ठेवला. सावकाश ठेवला, हे मी कोर्टात सांगीन. तिचं मनगट धरलं आणि ओट्याच्या कडेवर आपटलं. एकदा. मग हात वर उचलून, नीट जागा बघून, परत. दुसऱ्यांदा मोडलं. हात मनगटापाशी भलत्याच बाजूला वळला आणि स्नेहल आवाज न करता खाली बसली. मी उलथनं घेऊन त्याच्यावर धावले, त्यानं मला एका हातानं गॅसच्या टाकीवर ढकललं. माझी बरगडी टाकीच्या कडेवर लागली, श्वास बंद.

आई धावत आली. पदराची गाठ सोडलेली, मुठीत साखर. "मयूर, बाळा, हं, हं..." ती त्याच्याजवळ पोचायच्या आत त्यानं तिच्याकडे वळून तोंड उघडलं.

आईचा हात तिथंच थांबला.

पंधरा वर्षं तिनं ते तोंड चमच्यानं, बोटांनी, लाटण्याच्या टोकानं उघडलं होतं. साखर उतरली की त्याचे दात बसायचे, कधीच आपणहून सुटायचे नाहीत. आणि हा तेवीस वर्षांचा माणूस आ करून उभा होता, जीभ थोडी बाहेर, देवळात तीर्थ घ्यायला उभा राहतो तसा. किती वेळा असा उभा राहिला असेल आणि तिनं बघितलं नसेल. त्या दिवशी तिनं बघितलं.

"ज्योत्स्ना," ती म्हणाली, "मीटर आण."

मी बरगडी धरून उठले. तो म्हणाला, "आई, साखर दे, चक्कर येतेय." ती म्हणाली, "बस." तो बसला. तिनं त्याचं बोट धरून सुई खच्चून टोचली, इतकी की तो कळवळला. थेंब पट्टीवर लावला. मीटर उलटे आकडे मोजायला लागलं. तेवढ्या वेळात आई काहीतरी पुटपुटत होती, बहुधा आकडा खाली यावा म्हणून. सगळ्या जगात तीच एक आई असेल जी पोराची साखर चाळीस यावी म्हणून देवाला आळवत होती.

एकशे शहाऐंशी.

"मीटर बिघडलंय," मयूर म्हणाला.

आईनं दुसरी पट्टी लावली आणि सुई स्वतःच्या बोटात खुपसली. अठ्ठ्याण्णव. मीटर चांगलं होतं. मग तिनं मूठ उघडून साखर मोरीत टाकली.

"तूच व्हता," ती म्हणाली.

"आई, तूच म्हणायचीस ना, तो तो नसतो..."

"तूच व्हता. आज पण, त्या दिवाळीला पण. ज्योत्स्नाचा ओठ फोडला तेव्हा पण तूच व्हता ना रे?"

तो खाली बघून बोटातलं रक्त चोखत बसला. मला वाटलं, आता बत्ता निघतो. आईनं हात उचलला नाही. तिची शपथ होती, आणि ती शपथ त्याच्या आजारासाठी होती की त्याच्यासाठी, हे तिला त्या क्षणी कळत नसावं. तिनं स्नेहलचा हात लाटण्याला बांधला, पदर फाडून, घट्ट. आधी दवाखाना, प्लास्टर. तिथून ती घरी वळली नाही. रिक्षावाल्याला म्हणाली, चौकीवर घे.

चौकीत हवालदार होता, पोट सुटलेला, पंख्याखाली. त्यानं आम्हाला बघून आईलाच विचारलं, "काय आजी, सुनेनं केस टाकली का तुमच्यावर?"

"मी टाकायला आलेय. पोरावर. हिचा हात मोडलाय त्यानं."

त्यानं पेन उचललं, दोन ओळी लिहिल्या, मग दारूचं विचारलं. दारू नाही म्हटल्यावर विचारलं, "काही आजार वगैरे?"

आईचा सगळा जन्म याच प्रश्नाचं उत्तर देण्यात गेला होता. ती म्हणाली, "साखर आहे. लहानपणापासूनची. सुई घेतो."

हवालदारानं पेन ठेवलं. "मग असं म्हणा ना. शुगरवाल्याला भान राहत नाही हो. आमच्या सासऱ्यांची उतरली की तेही असेच करतात, सगळ्या घराला शिव्या. बिचाऱ्याचा काय दोष? आजारी पोराला आत टाकता का? न्या घरी, दोन चमचे साखर द्या."

मी स्नेहलकडे बघितलं. तिनं डोळे मिटून घेतले होते. आई टेबलाला धरून उभी होती. तिनं नुसतं 'हो' म्हटलं असतं तर तिचा मुलगा निर्दोष घरी राहिला असता, आणि तिचं पंधरा वर्षांचं म्हणणं आज सरकारी माणसानं खरं केलं असतं.

"त्याला भान होतं," ती म्हणाली. "एकशे शहाऐंशी होती. मी बघितली. लिहा."

"आजी, विचार करा."

"लिहा म्हणते ना. एकशे शहाऐंशी."

त्यानं लिहिलं. तिनं वाचून दाखवायला लावलं. 'मुलगा आजारी असल्याने' असं आलं तिथं ती म्हणाली, "ते खोडा." त्यानं खोडलं. तिनं सही केली, एकेक अक्षर दाबून.

संध्याकाळी पोलिसांनी मयूरला चौकीत आणलं. तो आमच्यासमोरून गेला, आईकडे बघितलं नाही. आईनं, मी मधल्या वेळात घरून आणलेल्या पिशवीतून, इन्सुलिनची बाटली, सिरिंजा, मीटर आणि साखरेची डबी काढून हवालदाराच्या टेबलावर मांडली आणि मोठ्यानं, शाळेतल्या मास्तरांना सांगायची तसं, सांगायला लागली. आठ वाजता सुई. सुईनंतर अर्ध्या तासात जेवण मिळालंच पाहिजे, डबा मी घेऊन येते. घाम फुटला, थरथरला, दात बसले, तर मारायचं नाही, चौकशी करायची नाही, आधी साखर. हवालदार म्हणाला, "अहो, आत्ताच तर तुम्ही म्हणालात..."

"ते वेगळं!" आई ओरडली. "ते वेगळं आणि हे वेगळं! तो मेला ना तुमच्याकडे, तर सोडणार नाही मी तुम्हाला!" आणि पदर तोंडात कोंबून ती चौकीच्या फरशीवर बसली आणि हंबरडा फोडून रडली. स्नेहल तिच्याजवळ बसली आणि प्लास्टरचा हात मांडीवर सांभाळत, दुसऱ्या हातानं तिची पाठ चोळत राहिली.